खाट वळली पाहिजे

हिराआय नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाही, लांबी विचारते. उंची नव्हे, लांबी.

सात वर्षांपूर्वी आम्ही भिवंडीत शेलारच्या रस्त्याला ‘हिरा पॅलेस’ नावाच्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहायला आलो. टेम्पोतून कपाट उतरवत होतो, तेवढ्यात गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, कानात सोन्याची जड फुलं घातलेली सत्तरीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “आडवा किती व्हतोस रं?”

मी घाबरलो. मी मुळातच घाबरट माणूस आहे, हे इथंच सांगून टाकतो. शाळेत चौथीचा वर्ग शिकवतो आणि हेडमास्तरांच्या खोलीत जाताना अजून घसा खाकरतो. म्हणालो, “साडेपाच फूट.”

“मंग बसतोस,” असं म्हणून ती निघून गेली. कशात बसतो ते सांगितलंच नाही. त्या रात्री माझी बायको सुनंदा म्हणाली, “बाई जरा वेडसर दिसते, आपण जपून राहू.” मी तर आधीपासूनच जपून होतो.

रविवारी सकाळी आठ वाजता दार वाजलं. बाहेर सुंभाने विणलेली एक जुनी लाकडी खाट आणि तिच्याभोवती तीन पुरुष. शेजारच्या पॉवरलूमच्या शेडमधले लूम दुरुस्त करणारे जॉबर रफिकभाई, तिसऱ्या मजल्यावरचा संदेश, जो मानकोलीच्या गोदामात शिफ्टला जातो, आणि आमचा वॉचमन तिवारी. चौथा खूर धरून स्वतः हिराआय.

“खाटंवर पड.”

“कशाला?”

“पड बोलते ना.”

रफिकभाई मला हळूच म्हणाले, “लेट जाओ मास्टरजी. नया आदमी है, आप का नंबर है. हम सब लेट चुके हैं.”

मी पडलो. अंगावर शर्ट होता, खाली चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता, आणि सगळ्या इमारतीच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. मी पडलो तो नेमका रस्त्याच्या बाजूला पाय करून. हिराआयनं माझ्या तळपायावर फाडकन चापट मारली. “डोकं पुढं! जित्या मानसाचं डोकं पुढं असतं. पाय पुढं मेल्याचे.” तिचा आवाज तेव्हा चमत्कारिक झाला होता. मी उलटा झालो. लाजेनं डोळे मिटले, तर त्यावरही ओरडा बसला. “डोले मिटू नको. वर आभाल बघ.”

मला उचलून त्यांनी इमारतीच्या मागच्या जिन्यापासून रस्त्यापर्यंत नेलं, गेटवर ठेवलं आणि “चला, वळली,” असं म्हणून सगळे मोकळे झाले. जिवंतपणी आपली अंत्ययात्रा बघितलेला माणूस किती शहाणा होतो ते मला माहीत नाही. मी तर दोन दिवस दूध-पोळीवर राहिलो.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आमच्या इमारतीचा दर्शनी भाग दुकानांनी भरलेला आहे. जिना उतरतो मागच्या बाजूला. त्यामुळे वरच्या माणसाला रस्त्यावर यायचं तर मागच्या मोकळ्या पट्ट्यातून चालत यायचं, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर वळायचं आणि लूमच्या शेडची भिंत धरून गेटपर्यंत जायचं. हा पट्टा मोकळा आहे तो कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे, नियमानं. आपली जमीन झाली म्हणून ती सगळीच्या सगळी बांधकामाखाली झाकायची नसते. अमुक एवढ्यावर घर, बाकीचं चहूबाजूंनी उघडं, असं मंजूर नकाशात लिहिलेलं असतं. आमच्या गल्लीत हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाळलेला मात्र एकाच ठिकाणी दिसतो, आणि तोही कागदाच्या धाकानं नव्हे, खाटेच्या.

जमीन हिराआयची. तिचं जुनं घर इथंच होतं. इमारत उठवायचं ठरलं तेव्हा बिल्डरनं तिच्यापुढं नकाशा पसरला. तिनं तो हातानं बाजूला सारला. म्हणाली, “मना ह्यो कागद कलत न्हाय. माजी खाट कलते.” पाया आखायला जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, त्या रेघांमधून तिनं चार माणसांकरवी खाट फिरवली. कोपऱ्यावर खाट अडली. बिल्डरनं रेघ दोन हात बाहेर सरकवली होती, असं निघालं. हिराआय खाट तिथंच टाकून तिच्यावर बसली. तीन दिवस बसली, तिथंच जेवली, तिथंच भांडली. चौथ्या दिवशी रेघ मागं गेली. इमारतीला तिचं नाव दिलं ते बिल्डरनं आदरानं दिलं असं तो सांगतो. माझ्या मते भीतीनं दिलं. भीतीतलं मला कळतं.

तरी कागदावरचा दहा फुटांचा पट्टा जागेवर सातच फूट भरतो. गटार, पाइप, शेडच्या भिंतीचं पोट, असं करत तीन फूट कुठं तरी गेले. हिराआयला फुटांशी कर्तव्य नाही. तिचं माप एकच, आडव्या माणसासकट खाट कोपऱ्यावर वळली पाहिजे. आमच्या पलीकडच्या इमारतीनं तर मोकळं काहीच सोडलेलं नाही. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या इमारतीतल्या बायका मोजतात आणि चौथी झाली की खिडकीतून “गॅस बंद करा हो” म्हणून सांगतात. हिराआय त्या इमारतीकडे बघून मान हलवते. “हिथला मानूस मेला तर हिथंच ठेवाया लागंल. बरनीत, लोनच्यावानी.”

हसायचे आम्ही, पण ते हसू फार आत जायचं नाही. शेजारच्या शेडमध्ये चोवीस तास लूम चालतात. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला तर त्यातलं पाणी थरथरत राहतं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा आहे, त्याच्या टोकाला मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलेली आहे आणि दर पहिल्या तारखेला बघतो. पावसाळा जवळ आला की आसपासच्या इमारतींवर धोकादायक म्हणून नोटिसा लागतात. कुठं तरी एखादी कोसळते, मग चार दिवस सगळ्या घरांत त्याच गोष्टी. आमच्या दाराशी एक पिशवी कायम भरलेली असते, कागदपत्रं, टॉर्च, सुनंदाची गोळी. शिकलेली माणसं आम्ही, पण उपाय एवढाच. त्यामुळे खरं सांगतो, दोन-चार रविवार झाल्यावर मला त्या खाटेची लाज वाटेनाशी झाली. खाट कोपऱ्यावर भिंतीला न लागता वळली की तो आठवडाभर मला झोप बरी लागायची.

महिन्यातून दोनदा ही कवायत होई. कवायत झाली की हिराआयच्या घरी तांदळाच्या जाड भाकऱ्या आणि सुकट. बाई एकटी राहते. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, पण भाकऱ्या दहा-बारा जणांना पुरतील इतक्या थापायची. आम्ही खात असताना स्वतः जेवायची नाही, दारात बसून मोजक्या शब्दांत चुका काढायची. “संदेश, तू उजवीकडं झुकतोस. तिवारी, तुजा हात ढिला. रफिक, तू बरा.” रफिकभाई चाळीस वर्षं लूमची दुरुस्ती करत आलेले आहेत, पण कुणी “तू बरा” म्हटलेलं त्यांनी इथंच ऐकलं असावं. त्या दिवशी ते एक भाकरी जास्त खायचे.

ती स्वतः मात्र खाटेवर कधी पडायची नाही. “मी पडले तर धरायचं कोनी?” म्हणायची. ते पटण्यासारखं होतं. पण हा खाटेचाच हट्ट का, हे कुणी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला एखादं वेड असतं, आम्ही ते धरून चाललो होतो.

मग आमच्या घरात मोरीचा विषय निघाला.

आमचं न्हाणीघर एवढं लहान आहे की आत वाकलं तर दार उघडतं. सुनंदा सात वर्षं त्यात कपडे धूत आली होती, गुडघे भिंतीला टेकवून. तिचे गुडघे आता दुखू लागले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर चार फूट जागा घेतली, कमरेएवढी भिंत घातली, वर पत्रा टाकला, की झाली धुण्याची मोरी. “सगळे घेतात,” सुनंदा म्हणाली. “मी काय बंगला मागतेय?” तिचं काहीच चुकत नव्हतं. गवंडी येऊन बघून गेला आणि म्हणाला, “मास्तर, चार फुटांत कोण बघतंय?”

कोण बघतंय ते मला माहीत होतं. महापालिकेची मला भीती वाटते, त्या तड्याची वाटते, पण हिराआयची भीती या दोन्हींच्या डोक्यावर बसलेली. म्हणून मी घाबरट माणसं करतात तेच केलं. वाट पाहिली. कोन गावात तिच्या भाचीची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, तिथं ती चार दिवस जाणार होती. ती रिक्षात बसली आणि अर्ध्या तासात गवंड्यानं पहिली वीट ठेवली. दोन दिवसांत भिंत कमरेला आली.

मी टेप घेऊन माप घेतलं. सात फुटांतले चार गेले, तीन उरले. तीन फुटांतून मी स्वतः चालून बघितलं, अंग न चोरता. खाटेची रुंदी अडीच फूट. मग अडचण कसली, अशी मी मनाची समजूत घातली. पट्ट्यातून माणूस सरळ जातो, हे मी मोजलं होतं. कोपऱ्यावर वळावं लागतं आणि खाटेला दोन्ही टोकांना माणसं असतात, हे एका शाळामास्तराच्या गणितातून सुटलं. की मी ते सोडलं, देव जाणे.

रविवारी सकाळी ती परत आली. लुगड्यावर हळदीचे डाग तसेच होते. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतो आणि बाहेर खाटेचे खूर जमिनीवर टेकल्याचा आवाज ऐकत होतो. आता ती ओरडेल, गल्ली गोळा करेल, बिल्डरशी भांडली तशी तीन दिवस दारात बसेल, असं सगळं मनात येऊन गेलं. बाहेरून काहीच आवाज आला नाही. ते जास्त वाईट होतं.

शेवटी मागच्या दारातून डोकावलो. हिराआय नव्या भिंतीजवळ उभी होती. तिनं विटांवर तळवा टेकवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. माझ्याकडे बघितलं नाही. मग वळली, खाटेपर्यंत गेली आणि तिच्यावर आडवी झाली. डोकं पुढं.

“उचला,” ती म्हणाली.

रफिकभाई गोंधळले. “आई, आप?”

“उचल बोलते ना. मास्तर, तू चौथा.”

मी चौथा खूर धरला. ती किती हलकी आहे ते मला तेव्हा कळलं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आणि खाटेवर जणू वाळत घातलेलं लुगडं ठेवलंय. मागच्या पट्ट्यातून आम्ही अंग चोरत निघालो, माझी कोपरं माझ्याच भिंतीला घासत होती. कोपऱ्यावर आलो. रफिकभाई आणि मी डोक्याकडे होतो, आम्ही वळलो आणि खाटेची बाजू विटांना धडकली. मागं घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा धडकली. लूमचा आवाज डाव्या बाजूनं अखंड येत होता.

तिवारी म्हणाला, “टंकी की तरफ जगह है. खटिया सीधी उधर ले लो, फिर उल्टी खींचो. निकल जाएगी. बस पैर आगे हो जाएँगे.”

“थांबा,” हिराआय म्हणाली. “खाली ठेवा.”

आम्ही खाट ठेवली. ती उठली नाही. वर बघत पडून राहिली आणि पडूनच बोलायला लागली. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

“आमचं घर हिथंच व्हतं. आंघोलीला मागं लुगड्याचा आडोसा करायचा, वारा आला की धरून बसायचं. मी आमच्या मानसाच्या मागं लागले. मना मोरी पाहिजे, मोरी पाहिजे. आमच्या घराच्या आनि दिराच्या घराच्या मधी जागा व्हती, तिथं त्यानं सोताच्या हातानं बांधली. मानूस जायाला वाट ठेवली व्हती. मी लय खूश. पुढल्या साली भात झोडून झाल्यावर भर दुपारी त्याच्या छातीत कल आली. चार भावांनी खाटंवर घातला. कोपऱ्यावर आली, खाट वलंना. दोन बारी बघितलं. मंग कोन तरी बोलला, उलटी काढा.”

सुनंदा माझ्यामागं दारात येऊन उभी होती.

“जित्या मानसाला पाय पुढं करून काढला. डोले उघडे व्हते त्याचे. पाय पुढं झाले तसं त्यानं माज्याकडं बघितलं, मास्तर. त्याला वाटलं, आपून मेलो. गाडी रस्त्याला उभी व्हती, दवाखाना लांब नव्हता. पन त्यानं तिथंच सोडून दिलं. मी बघितलं, त्यानं सोडून दिलं.”

मग तिनं मान वळवली आणि माझ्याकडे नव्हे, सुनंदाकडे बघितलं. “तुजं चुकत न्हाय गो. मोरी लागतेच बाईला. मी बी मागितली व्हती.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. लपवायला जागाही नव्हती, तीनच फूट तर उरले होते. सुनंदानं गवंड्यानं ठेवलेली हातोडी उचलली आणि वरच्या थराला पहिला घाव तिनं घातला. सिमेंट अजून कच्चं होतं. मग आम्ही सगळे लागलो. तासाभरात भिंत पायाशी आली आणि विटा गेटजवळ रचून झाल्या. तोवर हिराआय खाटेवरच पडून होती, सिमेंटची धूळ अंगावर घेत. शेवटची वीट निघाली तेव्हा म्हणाली, “आता उचला.” खाट वळली. कुठंही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “कुणी पाडली?”

“खाट वळत नव्हती,” सुनंदानं सांगितलं. त्यानं थोडा विचार केला, विटांकडे बघितलं आणि आपली हातोडी घेऊन निघून गेला.

सुनंदा आता हिराआयच्या मोरीत कपडे धुते. बिल्डरकडून हिराआयनं घराच्या आतच चांगली ऐसपैस मोरी करून घेतली आहे, दोन बायका समोरासमोर बसतील एवढी. धुणं अर्ध्या तासाचं असतं, सुनंदा दोन तासांनी येते. भाकऱ्या आता माझ्या घरीही तशाच जाड होऊ लागल्या आहेत.

त्या रविवारापासून खाटेवर हिराआयच पडते. चौथा खूर कायमचा माझा. आता ती चुका आडवी पडूनच काढते. तडा माझ्या पेन्सिलीच्या खुणेच्या पुढं बोटभर गेला आहे. मी दुसरी खूण केली. भीती गेली असं मी म्हणणार नाही, लूम चालूच आहेत आणि पावसाळा दरवर्षी येतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तिला आठवडाभर ताप होता, नुकतीच उठली होती. रविवारी आम्ही खाट काढली तर ती उशी घेऊन आली आणि उलटी पडली. रस्त्याकडे पाय करून.

“आज पाय पुढं करून न्या,” म्हणाली.

आम्ही चौघं नुसते उभे राहिलो.

“असं काय बगता? ते बी करून बघाया नको? मी गेल्यावर कोपऱ्यावर तुमचा घोल व्हायला नको. संदेश तर उजवीकडं झुकतो. उचला.”

संदेश खाली बघायला लागला. रफिकभाई पुटपुटले, “आई, ऐसी बात मत करो.” तिवारीनं खाटेवरचा हात काढून घेतला. ती माझ्याकडे बघत होती. माझं ऐकणार, असं तिनं गृहीत धरलं होतं, कारण सात वर्षांत मी तिला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तिलाच काय, मी कुणालाच म्हटलेलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

“काय न्हाय?”

“पाय पुढं नेणार नाही. डोकं इकडे करा.”

“जल्ला तो मास्तर,” ती म्हणाली. “माजी खाट, माजी जागा, आनि मनाच शिकवतो.”

मी खाटेजवळून हललो नाही. बराच वेळ ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. मग कण्हत उठली, उशी उचलली आणि दुसऱ्या बाजूला टाकून आडवी झाली. आम्ही खाट उचलली. कोपरा जवळ आला तशी तिनं हात लांब करून माझं मनगट धरलं. तिचा हात अजून गरम होता.

“डोकं पुढं हाय ना रं?” तिनं हळूच विचारलं.

“हाय, आय,” मी म्हणालो. “वर आभाळ बघ.”